दार-एस-सलामला नव्याने येताय? ओळखीचं दिसलं की सावध व्हा

टांझानियाला बदली झाली असं घरी सांगितलं की सिंह आणि मलेरिया या दोघांची चौकशी सर्वांत आधी होते. सिंहाचं म्हणाल तर दार-एस-सलाम शहरात तो 'सिंबा' नावाच्या फुटबॉल क्लबच्या बोधचिन्हावर तेवढा भेटतो. मलेरियाचं पुढे येईलच. आपल्या माणसाची फजिती होते ती भलत्याच ठिकाणी, जिथे सगळं घरच्यासारखं वाटतं तिथे. गाड्या डाव्या बाजूने चालतात. चहाला चाय, दुकानाला दुका, औषधाला दावा, साबणाला साबुनी आणि लाखाला चक्क लाकी म्हणतात. दोन दिवसांत माणूस निर्धास्त होतो आणि तिसऱ्या दिवशी तोंडावर आपटतो. सगळं आधीच कळलं तर इथली निम्मी मजा जाईल, म्हणून ज्याने खिशाला, पोटाला किंवा नात्यांना खरोखर झळ बसते तेवढंच सांगते.

पायरी १: बॅग भरताना

टांझानियात १ जून २०१९पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि ती बाहेरून येणाऱ्यांनाही लागू आहे. कारखान्यात पॅक झालेल्या पुड्यांना हरकत नसते, पण आईने 'असू देत, लागतात' म्हणून बॅगेच्या तळाशी घडी करून ठेवलेल्या वीस पिशव्या मुंबईतच काढून ठेवा. मसाले, मेतकूट, चटण्या डब्यांत भरा.

केनिया किंवा इथिओपियामार्गे येत असाल आणि मधला थांबा लांबलचक असेल, तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला मागतात. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो, त्यामुळे मार्ग कोणताही असो, ती घेऊन टाकलेली बरी. प्लग इथे इंग्लंडसारखे, तीन चौकोनी पिनांचे. दोन-तीन अडॅप्टर आणा. प्रेशर कुकरच्या रिंगा, शिट्ट्या आणि मिक्सरचं जास्तीचं भांडं आणा. बाकी सगळं इथे मिळतं.

पायरी २: घड्याळ वाचायला पुन्हा शिका

ही पायरी गाळून पुढे जाऊ नका.

स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात वाजता 'सा मोजा', म्हणजे एक वाजला. आठ वाजता दोन, नऊ वाजता तीन, दुपारी बाराला सहा. संध्याकाळी सहा वाजता बारा वाजतात आणि सातला रात्रीचा एक वाजतो. दार-एस-सलाम, थोडक्यात 'दार', विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम सात अंशांवर, त्यामुळे सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या आसपास उगवतो, तेवढ्याच सुमारास मावळतो आणि हा हिशेब बारा महिने बसतो. आपल्या पंचांगातला वारसुद्धा सूर्योदयालाच बदलतो, तेव्हा आजीला हे समजवायला एक मिनिटही लागणार नाही. गोंधळ उडतो तो आपला.

कारण मनगटावरचं घड्याळ तुमच्याआमच्यासारखंच असतं, काटाही नऊवरच असतो. फक्त वाचणारा 'तीन' म्हणतो. प्लंबर सांगतो, 'केशो, सा तातू.' केशो म्हणजे उद्या, तातू म्हणजे तीन, एवढं तुम्ही शिकलेले असता. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून दुपारी तीनला घरी हजर राहता. तो बिचारा सकाळी नऊलाच येऊन, बंद दारापुढे 'होडी, होडी' अशा हाका मारून निघून गेलेला असतो. (होडी म्हणजे 'येऊ का आत?' यात पाण्याचा काही संबंध नाही.) संध्याकाळी फोन केलात तर वर तोच तुमची कीव करतो.

सोपी युक्ती अशी की घड्याळात तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचायचा. काटा नऊवर, समोर तीन. काटा दहावर, समोर चार. आठवडाभरात सवय होते.

कोणतं घड्याळ कधी चालतं, याचा नियमही लक्षात ठेवा. बोलणं इंग्रजीत असेल तर वेळ बहुधा आपली, स्वाहिलीत असेल तर नक्की त्यांची. घोटाळा होतो तो स्वाहिलीत विचार करून इंग्रजीत बोलणाऱ्यांशी, म्हणून भेट ठरवताना 'सकाळी की दुपारी' हे दर वेळी विचारून घ्या. विमान आणि बँक आपल्या वेळेने चालतात. लग्नपत्रिकेवर 'सा १२ जिओनी' लिहिलं असेल तर ते संध्याकाळचे सहा. रात्री आठच्या बातम्या रेडिओवर 'सा म्बिली', म्हणजे दोन वाजता लागतात.

वारांचंही तसंच. मोजणी शनिवारपासून सुरू होते. जुमामोसी शनिवार, जुमापिली रविवार आणि जुमातातू, ज्यात 'तीन' दडलेत, तो सोमवार. त्या तीनवरून बुधवार समजून ऑफिस चुकवणारे लोक मला माहीत आहेत. भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास पुढे. घरी फोन करताना कोणत्या घड्याळात अडीच मिळवायचे, ते मात्र स्वतःचं स्वतः ठरवा.

पायरी ३: आधी विचारपूस, मग काम

पुण्यात दुकानात शिरून 'पाव किलो द्या' म्हटलं तर कुणाला वावगं वाटत नाही. इथे ते उद्धटपणाचं समजतात. पोलीस असो, भाजीवाली असो की बँकेतला कारकून, आधी 'हबारी?' म्हणायचं. मग सकाळची हबारी, घरची हबारी, कामाची हबारी असे प्रश्न येतात आणि प्रत्येकाला उत्तर एकच, 'न्झुरी' किंवा 'सलामा', म्हणजे छान चाललंय. माणूस तापाने फणफणला असला तरी पहिलं उत्तर 'न्झुरी' हेच. खरी बातमी त्यानंतर 'लाकिनी', म्हणजे लेकिन, लावून येते: छान आहे, लाकिनी काल रात्री छप्पर उडालं. त्यामुळे ऑफिसात कुणी 'न्झुरी' म्हणाल्याबरोबर पाठ फिरवून चालू पडू नका, लाकिनीसाठी थांबा.

बरोबरीच्यांना 'मांबो?' चालतं, त्याला उत्तर 'पोआ'. वयाने मोठ्यांना मात्र 'शिकामो'. हा आपला वाकून नमस्कार झाला, फक्त तोंडाने. त्यावर मोठ्यांनी 'मराहाबा' म्हणायचं, दुसरं काही नाही. धक्का बसतो तो समोरून कॉलेजातलं पोर तुम्हालाच 'शिकामो' म्हणतं तेव्हा. केस पिकायला लागलेत याची ती सरकारी नोंद समजा आणि मुकाट्याने 'मराहाबा' म्हणा.

नात्याच्या हाका ऐकताना चेहरा सरळ ठेवायची तालीम करा. इथे 'दादा' म्हणजे बहीण, 'काका' म्हणजे भाऊ, 'मामा' म्हणजे आई आणि 'बाबू' म्हणजे आजोबा. 'बाबा' तेवढे आपलेच. मला बाजारात 'दादा, करिबू!', म्हणजे 'ताई, या!', आणि 'मामा, टोमॅटो घ्या' अशा हाका पडतात, आणि माझ्या नवऱ्याला पंचविशीतला फळवाला 'काका' म्हणतो, तो बरोबरीच्या नात्याने. भारतातून आलेल्या पाहुण्याला हे समजावून सांगेपर्यंत भाजी घेऊन होते.

'पोले' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडेल. तुम्हाला ठेच लागली, पेन पडलं, शिंक आली की शेजारून जाणारा अनोळखी माणूसही 'पोले' म्हणतो. त्याने काही केलेलं नसतं, तो फक्त हळहळतो. ऑफिसातून थकून आलात तर वॉचमन 'पोले ना काझी' म्हणेल, म्हणजे काम करून दमलात हो. त्याला 'असांते', म्हणजे धन्यवाद, म्हणायचं. आणि सुट्टीहून परतल्यावर कुणी 'उमेनेनेपा!' म्हणजे 'जाड झालीस!' असं आनंदाने ओरडलं तर रागावू नका. 'तब्येत सुधारली हो' म्हणणारी आत्या आपल्याकडेही असतेच.

आणखी एक. 'नाकुजा' म्हणजे 'येतो'. वेटर, मेकॅनिक, कारकून हे 'नाकुजा' म्हणतात आणि तुमच्याकडे पाठ करून निघून जातात. निघताना 'येतो' म्हणणाऱ्या मराठी माणसाने यावर तक्रार करायची नाही.

पायरी ४: पैसा फोनवर, हिशेब लाखात

एका भारतीय रुपयाला साधारण तीसएक शिलिंग पडतात आणि सर्वांत मोठी नोट आहे दहा हजारांची, म्हणजे आपल्या तीन-चारशे रुपयांची. पहिल्याच पगारात लखपती झाल्याचा आनंद घ्या, तो वाणसामान भरेपर्यंत टिकतो. 'लाकी' ऐकून मात्र सुटल्यासारखं वाटतं. इंग्रजीतल्या हजारांच्या पटीत अडखळणाऱ्या आपल्यासारख्यांना 'लाकी म्बिली', दोन लाख, हे लगेच कळतं.

रोजचे व्यवहार मोबाईलवर होतात. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा सेवा पुढच्याच वर्षी टांझानियात आली, तेव्हा आपल्याकडे यूपीआयचं नावही नव्हतं. सिमकार्ड पासपोर्टवर मिळतं आणि त्यावरच खातं उघडतं. चौकाचौकात छत्री आणि टेबल टाकून बसलेला 'वकाला' पैसे भरून घेतो, काढूनही देतो. साध्या बटणांच्या फोनवरही हे सगळं चालतं.

यूपीआयची सवय इथेच नडते. आपल्याकडे फुकटात पाठवतो, इथे पाठवायला शुल्क आणि काढायलाही शुल्क. त्यामुळे सुताराला वीस हजार कबूल केलेत की तो हळूच म्हणतो, 'ना या कुतोलेआ', म्हणजे काढण्याचं शुल्कही वरून पाठवा. तो फसवत नाही, तशी रीतच आहे. भाव ठरवतानाच ते धरा.

फसवणारे वेगळे. एक दिवस अनोळखी नंबरवरून मेसेज येईल, 'इले हेला नितुमिए क्वेन्ये नंबा हिई', ते पैसे मला या नंबरवर पाठव. कोणते पैसे, कोण तू, काही नाही. भामटे असे मेसेज धडाधड हजारोंना सोडतात. त्यांतल्या कुणाला तरी त्याच दिवशी घरभाडं द्यायचं असतं, मालकानेच नंबर बदलला असेल असं वाटून तो पाठवून मोकळा होतो. ही युक्ती इतकी जुनी आणि इतकी प्रसिद्ध आहे की लोक त्यावर विनोद करतात, आणि तरीही तिच्यात सापडतात.

पायरी ५: घर, वीज आणि गॅलरीतलं ऊन

घर दाखवणाऱ्या एजंटाला इथेही 'दलाली'च म्हणतात, पण ते पैशाचं नाव नाही, माणसाचं आहे. घर दाखवायलाच तो थोडे पैसे घेतो आणि जमलं तर साधारण महिन्याभराचं भाडं. मालक सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं भाडं एकदम मागतात. कंपनी देणार नसेल तर तेवढी सोय करून या. उपांगा आणि किसुतू भागात भारतीय वस्ती जुनी, देवळं आणि किराणा हाकेच्या अंतरावर. समुद्राकडे मसाकी, ऑयस्टर बे हे महागडे भाग. उपांग्यात दुकानदार तुम्हाला 'केम छो?' विचारतील. भारतीय म्हणजे गुजराती हा इथला जुना हिशेब आहे, वाद घालू नका, थोडं गुजराती शिका.

वीज आधी पैसे भरून घ्यायची. या पद्धतीचं नाव 'लुकू'. फोनवरून पैसे भरले की मेसेजमध्ये २० आकडी क्रमांक येतो, तो मीटरच्या बटणांवर दाबायचा. युनिट संपतात ते नेहमी रात्री, पंखा बंद पडून घाम फुटल्यावर. मग एक जण फोनच्या उजेडात आकडे वाचतो, दुसरा दाबतो, सतरावा आकडा चुकतो आणि संसाराची परीक्षा होते. वीस युनिट उरले की भरा. महिन्यातल्या पहिल्या खरेदीत युनिट कमी आले तर मीटर बिघडला असं समजू नका. २०२१पासून मालमत्ता कराचा हप्ता लुकूतूनच कापतात. कर घरमालकाचा, कापला जातो तुमच्याकडून, तेव्हा भाडेकरार करतानाच त्याचं बोलून घ्या.

गॅलरी निवडताना मुंबई-पुण्याचा अनुभव बाजूला ठेवा. आपल्याकडे ऊन दक्षिणेकडून येतं. इथे मार्च ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, आणि जून-जुलैत दक्षिणेची गॅलरी ओले कपडे ओलेच ठेवते. वाळवणाचंही वेळापत्रक बदला. मार्च ते मे, म्हणजे ऐन कुरडया-पापडांच्या दिवसांत, इथे 'मसिका' नावाचा मोठा पाऊस असतो. पापड जून ते सप्टेंबरच्या कोरड्या हवेत करा.

ते वाळत घातले की राखायला मात्र बसा, कारण कावळे आहेत, आणि तेही आपलेच! भारतीय कावळा १८९०च्या दशकात झांझिबार बेटावर आणला गेला, शहराची घाण साफ करील म्हणून. त्याने काम सोडून संसार वाढवला, समुद्र ओलांडून दारला आला आणि इथल्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं फस्त करू लागला. त्याला आवरायला मोहिमा काढाव्या लागल्या. स्थानिक लोक त्याला 'झांझिबारचा कावळा' म्हणतात, तो कुठला हे त्यांना सांगायच्या भानगडीत पडू नका. पितृपक्षात पिंडाला कावळा शिवायची चिंता मात्र दारमध्ये कुणालाच नाही.

पायरी ६: शहरात फिरताना

तीन चाकी रिक्षेचं नाव 'बजाजी', मग ती कुठल्याही कंपनीची असो. आकुर्डीच्या कंपनीचं नाव इथे सामान्यनाम होऊन बसलंय. मीटर नसतो, बसण्याआधी भाव ठरवा किंवा ॲपवरून मागवा. दुचाकीवरची सवारी म्हणजे 'बोडाबोडा'. ट्रॅफिकमध्ये वेळ वाचतो हे खरं, पण हेल्मेट नसेल तर बसू नका.

'डालाडाला' म्हणजे मिनीबस, भाडं सहाशे शिलिंगच्या आसपास. कंडक्टरला 'कोंडा' म्हणतात. उतरायचं असेल तेव्हा 'शुशा!' असं मोठ्याने ओरडा, पुटपुटलात तर पुढच्या स्टॉपला जाल. २०१६पासून वेगळ्या मार्गिकेतून धावणाऱ्या 'म्वेंडोकासी' बसही आहेत. गर्दी लोकलची आठवण करून देणारी, पण पोचवतात लवकर. यातल्या एका मार्गाचं शेवटचं स्थानक आहे 'मोरोक्को'. मोरोक्कोला उतरलो असा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

पत्ते सापडत नाहीत, खुणा सापडतात. मोठा आंबा, पेट्रोल पंप, अमक्याचं घर. झाड पडून जमाना झाला तरी स्टॉपचं नाव तेच राहतं. फोनवर पत्ता विचारलात की समोरचा म्हणतो, 'जवळ आलात की फोन करा.' करा. खरेदीला करियाकू बाजारात जायचं. पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजांच्या हमाल पलटणीच्या, 'कॅरियर कोअर'च्या, तळावरून ते नाव पडलंय. तिथे सगळं मिळतं, खिशातलं पाकीट सोडून.

बंदर, सरकारी इमारती, पोलीस यांचे फोटो काढू नका. झांझिबार याच देशात असलं तरी फेरीबोटीतून उतरताना पासपोर्ट दाखवावा लागतो, तो घरी ठेवून निघू नका.

पायरी ७: शाकाहारी असाल तर हे पाठ करा

उपाहारगृहात बसलात, हबारी-न्झुरी झालं, आणि तुम्ही अभिमानाने म्हणालात, 'सिली न्यामा', मी मांस खात नाही.

'हाकुना शिदा,' काही हरकत नाही, वेटर हसतो. 'कुकू?'

कुकू म्हणजे कोंबडी. 'नाही.'

'समाकी?' मासे.

'नाही.'

वेटर आता काळजीत. 'पोले,' तो म्हणतो. आजारी असाल असं त्याला वाटतं.

न्यामा म्हणजे त्यांच्या लेखी बकरा किंवा गाय, कोंबडी आणि मासे हे वेगळे प्रकार. म्हणून तिन्ही नावं एका दमात घ्यायची: 'सिली न्यामा, कुकू, समाकी.' 'म्बोगा' शब्दापासूनही जपा. शिकवणारे त्याचा अर्थ भाजी सांगतात, पण रोजच्या बोलण्यात उगालीबरोबर जे काही कालवण असेल ती म्बोगा, मग त्यात बोंबील का असेनात. पालेभाजी हवी तर 'म्बोगा झा मजानी' म्हणा. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, उजव्या हाताने गोळा करून, अंगठ्याने खळगा पाडून कालवणात बुडवायची. भाकरी खाणाऱ्याला ती पहिल्या घासाला पचते.

ओळखीच्या नावांचे सापळे: सांबुसात खिमा असतो, बटाट्याचा हवा तर 'वियाझी' विचारून घ्या. 'काटलेसी', म्हणजे कटलेट, बाहेरून बटाटा, आत खिमा. 'चपाती' हा तेलातला पदर सुटलेला पराठा. 'चाय' मागितलीत तर बिनदुधाची येईल, दुधाची हवी तर 'चाय या मझिवा' म्हणा. 'बाजिया' मात्र डाळीची खरीखुरी भजी आणि 'काचुंबरी' ही आपली कोशिंबिरीची चुलत बहीण, कांदा-टोमॅटोची. या दोन ठिकाणी निश्चिंत राहा.

पोट भरायला 'महारागे' आहे, नारळाच्या दुधातला राजमा. सकाळी रस्त्यावर 'वितुंबुआ' घ्या. खळग्यांच्या तव्यात तळलेले तांदळाचे गोड आप्पे, नारळ आणि वेलची घातलेले. कोकणातल्या कुणालाही डोळे मिटून दिले तर गावचं नाव सांगेल. कोको बीचवर तळलेला कसावा, 'मिहोगो', तिखट-मीठ-लिंबू लावून मिळतो. साबुदाणा याच कंदापासून बनतो, तेव्हा मिहोगो उपासाला चालतो की नाही यावर आमच्याकडे दर आषाढीला वाद होतो. मी खाते.

तूर इथे 'म्बाझी'. नारळाच्या रसात शिजवून 'मांडाझी' नावाच्या तळलेल्या गोड पावाबरोबर नाश्त्याला खातात. देशाच्या दक्षिणेकडे, म्त्वारा-लिंडी भागात ती भरपूर पिकते आणि बरीचशी भारतातच जाते. २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली तेव्हा इथल्या शेतकऱ्यांचे भाव कोसळले होते. कोल्हापुरात किंवा नागपुरात तुम्ही ज्या आमटीवर वाढलात तिची डाळ इथलीही असू शकेल. तूरडाळ भारतातून बॅगेत भरून आणणाऱ्यांना हे मी मुद्दाम ऐकवते.

पायरी ८: ताप आला तर

इथे थट्टा नाही. ऑफिसातले लोक मलेरियाबद्दल सर्दी झाल्यासारखं बोलतात, 'मलेरिया होता, आता बरा आहे' म्हणून तिसऱ्या दिवशी कामावर येतात. लहानपणापासून वारंवार होऊन गेल्याने मोठेपणी त्यांना थोडी प्रतिकारशक्ती असते. तुम्हाला नाही. इथला बहुतेक मलेरिया फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा, चाचणी स्वस्त आहे आणि गल्लोगल्ली होते. औषधाच्या गोळ्या पूर्ण घ्या, बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडू नका. मच्छरदाणी रोज लावा. भारतात सुट्टीवर असताना ताप आला तर डॉक्टरला आफ्रिकेतून आल्याचं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

पायरी ९: लग्नाचं बोलावणं

काही महिन्यांतच सहकाऱ्याच्या भावाच्या लग्नाचं कार्ड हातात पडेल. उघडून 'अरे वा' म्हणायच्या आधी नीट वाचा. ते निमंत्रण नसून 'म्चांगो'चं, म्हणजे वर्गणीचं कार्ड असतं. लग्नासाठी 'कामाती', आपली कमिटी, नेमलेली असते, व्हॉट्सॲपवर ग्रुप असतो, त्यावर कुणी किती दिले त्याची यादी रोज फिरते. एकट्याचे किती आणि जोडप्याचे किती, हे ठरलेलं. पैसे भरल्यावर खरं निमंत्रण येतं. आपण पाकिटात आहेर घालून मांडवात नेतो, इथे आहेर आधी आणि मांडव नंतर. ऐपतीप्रमाणे कबूल करा, पण कबूल केलंत की द्या, नाही तर यादीत नावापुढची रिकामी जागा सगळ्यांना दिसत राहते.

समारंभाला जाल तेव्हा 'केक'साठी मन घट्ट करा. किलिमांजारोकडच्या चागा लोकांत, आणि आता इतरांतही, केकबरोबर 'न्डाफू' आणतात, अख्खा भाजलेला बोकड. ताटात चार पायांवर उभा, तोंडात हिरवा पाला, मागे नाचत येणारे आचारी आणि कानठळ्या बसवणारं संगीत. वधूवर त्याला केकसारखे कापतात आणि मानाच्या पाहुण्यांना टूथपिकने घास भरवतात. मानाच्या पाहुण्यांत परदेशी सहकारी हमखास असतो. शाकाहारी असाल तर आठवडाभर आधी कामातीच्या बाईंना सांगून ठेवा. त्या हसतील, 'पोले' म्हणतील आणि तुमच्यासाठी वेगळा केक ठेवतील. तुमच्या स्वतःच्या वाढदिवसाला ऑफिसात चांगले कपडे घालून जाऊ नका, डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची इथे पद्धत आहे.

पायरी १०: पहिल्या सुट्टीहून परतताना

भारतातून आल्यावर पहिला प्रश्न 'प्रवास कसा झाला', आणि दुसरा, अगदी सरळ, 'उमेनिलेतेआ निनी?' म्हणजे माझ्यासाठी काय आणलंस? यात हावरेपणा नाही. मोरोगोरोला दोन दिवस जाऊन आलेला माणूसही ऑफिसात केळी घेऊन येतो. भारी वस्तू कुणाला नको असते, पण रिकाम्या हाताने येणं वाईट दिसतं.

चिक्की आणू नका. शेंगदाण्याची आणि नारळाची वडी इथे 'काशाता' म्हणून कॉफीबरोबर नाक्यानाक्यावर विकतात. लोणावळ्याहून सांभाळून आणलेला डबा उघडलात की सगळे म्हणतात, 'ही तर काशाता!' आणि तुमच्याकडे सहानुभूतीने बघतात. बाकरवडी आणा, ती त्यांनी कुठे पाहिलेली नसते. वॉचमनसाठी एक पुडा वरच्या कप्प्यात वेगळा ठेवा. टॅक्सीतून उतरताना बॅग हातात घ्यायला पुढे येणारा तोच असतो, आणि विचारणाराही.